कॅमेलियन वाटीतलं पाणी पीत नव्हता, मग काय केलं

टेक्सासला लेकीसाठी व्हेल्ड कॅमेलियन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) आणला, मूळचा येमेन-सौदीकडचा. (भारतातल्यांनो, रानातला आपला कॅमेलियन, म्हणजे सरडगुहिरा, घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.) दुकानदाराने काचेची टाकी, पाण्याची वाटी आणि लाल बल्ब गळ्यात मारला. थोड्याच दिवसांत याचे डोळे खोल गेले आणि शीच्या टोकाला जो पांढरा भाग असतो ना, तो केशरी यायला लागला, म्हणजे अंगात पाणी कमी. साचलेलं पाणी हे प्राणी बहुतेक ओळखतच नाहीत हो, पानावरचा थेंब चमकला, घरंगळला की मगच चाटतात. मग टाकी काढली, २ बाय २ बाय ४ फुटी जाळीचा पिंजरा घेतला, आत मनीप्लांट आणि जास्वंद, सकाळ-संध्याकाळ फवारा, वरून थेंब-थेंब पाणी सोडणारा ड्रिपर, खाली ट्रे. लाल बल्बऐवजी साधा, वरच्या फांदीवर तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास, रात्री सगळं बंद. यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) मस्ट, तिथे कंजुषी नको, नाहीतर हाडं मऊ पडतात, आणि किडे कॅल्शियम पावडरीत घोळवूनच द्यायचे. आता शीचं टोक पांढरं येतं. लेकीला हातात घ्यायचाय, पण त्याला ते अजिबात खपत नाही, लगेच काळपट पडतो आणि फुसफुसतो.