पावसाआधी एसडीएन कंट्रोलरची तयारी, विशेषतः स्विचची कनेक्शनं

इकडे घराघरात आगोटीची गडबड सुरू झाली की रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे लांबलांबचे नेटवर्क स्विच एका एसडीएन कंट्रोलरवर (म्हणजे कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ते सगळ्या स्विचना एका जागेवरून सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवणाऱ्यांनीही कामाला लागावं, आणि मान्सूनची तारीख बघत बसू नये, कारण निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं आणि तौक्ते तर २०२१ च्या मे महिन्यातच किनाऱ्याजवळून गेलं. वळीव पडला की लाईट जाते, रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटते, म्हणजे कनेक्शन तुटणं ही आपल्याकडे रोजचीच गोष्ट धरायची आणि सगळी तयारी एकाच मुद्द्याभोवती करायची: कनेक्शन तुटलं म्हणजे स्विच मेला असं कंट्रोलरने कधीच समजता कामा नये.

आधी स्विचची वही करा. कुठल्या साईटला कुठला डेटापाथ आयडी (कंट्रोलर स्विचला ज्या नंबराने ओळखतो तो), हे लिहून ठेवा. हा आयडी ६४ बिटांचा असतो, खालचे ४८ बिट सहसा मॅक ॲड्रेसचे, म्हणजे हार्डवेअरच्या पत्त्याचे. ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच, त्यात स्विचला ब्रिज म्हणतात) वापरत असाल तर आयडी हाताने पक्का करून टाका, कारण तो नाही दिला तर ब्रिजच्या मॅकवरून ठरतो आणि ब्रिजचा मॅक पोर्टांच्या मॅकवरून, त्यामुळे कोणी एखादा पोर्ट जोडला तरी आयडी बदलू शकतो आणि कंट्रोलरला वाटतं नवाच स्विच आला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कनेक्शनचा टेबल. बहुतेक कंट्रोलर ॲपमध्ये आयडी ही की आणि कनेक्शन ही व्हॅल्यू असा साधा मॅप असतो. आता समजा देवगडला लाईट गेली, स्विच धाडकन बंद पडला, टीसीपीचा फिन (कनेक्शन बंद करतोय हा निरोप) काही आला नाही, म्हणून कंट्रोलरला जुनं कनेक्शन जिवंतच वाटतंय. लाईट आली, स्विचने नवं कनेक्शन केलं, मॅपमध्ये नवं बसलं, आणि मग थोड्या वेळाने जुन्याचा टाईमआऊट झाला आणि त्याच्या डिस्कनेक्ट इव्हेंटने आयडी बघून मॅपमधली नोंद उडवली, म्हणजे चांगलं चालू असलेलं नवं कनेक्शनच गायब! स्विच म्हणतो मी जोडलेलो आहे, कंट्रोलर म्हणतो असा स्विचच नाही, आणि लॉगमध्ये कुठे एरर नाही. म्हणून नोंद काढताना फक्त आयडी बघू नका, मॅपमध्ये आत्ता बसलेलं कनेक्शन हेच आहे का ते बघा, नसेल तर हात लावू नका. हा एक इफ असला की अर्धा पावसाळा सुखाचा जातो असं माझं ठाम मत आहे.

त्याच्या जोडीला कंट्रोलरकडून इको रिक्वेस्ट, म्हणजे जिवंत आहेस का अशी विचारणा, हवीच. लिनक्सच्या भरवशावर राहाल तर पाठवलेल्या डेटाला उत्तर नाही आलं तरी डिफॉल्ट सेटिंगला साधारण पंधरा मिनिटं तो परतपरत पाठवत बसतो, आणि काही पाठवतच नसाल तर त्याला कळतही नाही. स्विचच्या बाजूला ओपन व्हीस्विचचा इनॲक्टिव्हिटी प्रोब (समोरचा गप्प राहिला तर किती वेळाने चाचपायचं ते) डिफॉल्टने ५ सेकंदांचा असतो, फायबरला ठीक, पण फोरजीवर किंवा रेडिओ लिंकवर चालणाऱ्या साईटला तो वाढवा, नाहीतर जोराच्या पावसात विनाकारण तोडजोड चालू राहते.

हँडशेकमध्ये घाई नको. हॅलो, मग स्विचची माहिती देणारा फीचर्स रिप्लाय, आणि ओपनफ्लो (कंट्रोलर आणि स्विच ज्यात बोलतात तो प्रोटोकॉल) १.३ मध्ये त्या रिप्लायमध्ये पोर्टांची यादी नसते, ती वेगळी मागवावी लागते, मधल्या वेळात पोर्ट स्टेटस (पोर्ट बदलल्याचा मेसेज) आला तर टाकून न देता बाजूला ठेवा आणि यादी आल्यावर लावा. बेसिक फ्लो (पॅकेटचं काय करायचं याचे नियम) टाकून बॅरियर रिप्लाय (आधीचं सगळं पार पडल्याची पोच) येईपर्यंत स्विचला तयार म्हणायचं नाही. आणि टेबल-मिसचा फ्लो, प्रायॉरिटी ०, आठवणीने टाका, १.३ मध्ये तो नसेल तर न जुळलेलं पॅकेट सरळ ड्रॉप होतं.

फेल-मोड, म्हणजे कंट्रोलर नसताना स्विचने काय करायचं, हे प्रत्येक साईटला विचार करून ठरवा. ओपन व्हीस्विचमध्ये डिफॉल्ट स्टँडअलोन आहे, कंट्रोलर दिसेनासा झाला की तो साधा लर्निंग स्विच बनतो. टोकाच्या एकट्या साईटला हे चालतं, पण दोन वाटांनी रिंग केली असेल आणि एसटीपी (लूप टाळणारा प्रोटोकॉल) नसेल तर लूप होऊन सगळंच बसतं, तिथे दुसरा मोड, सिक्युअरच ठेवा. सिक्युअरमध्ये आधीचे फ्लो राहतात पण त्यांचे टाईमआऊट चालूच असतात, म्हणून जे फ्लो गेले की साईट बंद पडते त्यांचे आयडल आणि हार्ड दोन्ही टाईमआऊट ० ठेवा, म्हणजे ते संपतच नाहीत.

स्विच परत जोडला की काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. सगळे फ्लो पुसून नव्याने टाकणं सोपं वाटतं, पण लिंक दोन मिनिटांसाठी गेली असेल तर चालू ट्रॅफिक उगाच तुटतं. फ्लो स्टॅट्स (स्विचमध्ये आत्ता कुठले फ्लो आहेत ते) मागवा, आपल्या कुकीशी (फ्लोवर आपण लावलेल्या खुणेच्या नंबराशी) जुळवा, कमी असतील ते घाला आणि मगच जुने काढा. कनेक्शन नसताना जे फ्लो संपले त्यांचे फ्लो रिमूव्ह्ड मेसेज नंतर येत नाहीत, त्यामुळे कंट्रोलरच्या डेटाबेसवर नाही, स्विचच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा.

दोन कंट्रोलर असतील तर ते एकाच इमारतीत, एकाच यूपीएसवर नकोत. मास्टर (स्विचला हुकूम देणारा मुख्य कंट्रोलर) बदलताना जनरेशन आयडी, म्हणजे त्या बदलाचा चढता क्रमांक, वाढतोय ना ते बघा, त्याच्यामुळेच मागे पडलेल्या जुन्या मास्टरला स्विच नाकारतो. फायरवॉलमध्ये ओपनफ्लोचा टीसीपी पोर्ट ६६५३ उघडा आहे का बघा, काही जुनी उपकरणं अजून ६६३३ वर येतात. कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटची मुदत ऑगस्टात संपत नाही ना तेही बघा, आणि स्विचच्या घड्याळाची बॅटरी गेली असेल तर ती आत्ताच बदला, लाईट येऊन तारीख मागे गेली की स्विच चांगलं सर्टिफिकेटही नाकारतो.

खाऱ्या हवेने हिरवे पडलेले कनेक्टर बदलून टाका, दोनचार एसएफपी (स्विचमध्ये फायबर जोडायचे मॉड्यूल) जादा ठेवा.

शेवटी चाचणी, पण सर्व्हिस स्टॉप करून नको, त्यात फिन व्यवस्थित जातो आणि सगळं छान दिसतं. स्विचची पॉवर केबल ओढा, मधली फायबर काढा, दोन्ही वेगवेगळं करून बघा, मग लाईट आल्यावर होतं तसे सगळे स्विच एकदम चालू करा आणि प्रत्येकाचा बॅरियर रिप्लाय किती वेळात आला ते वहीत साईटच्या नावापुढे लिहा.