अनुभवी तंत्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय बिझनेस स्कूलसाठी अर्ज कसा करावा

तंत्रज्ञान क्षेत्रात दहा-बारा वर्षे काम केलेली व्यक्ती व्यवस्थापन शिक्षणाचा विचार करू लागली की बहुधा सर्वप्रथम जीमॅट या प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी अभ्यासक्रमाचा प्रकार ठरवावा, कारण परीक्षा, निबंध आणि खर्च यांची सारी गणिते त्यावरच अवलंबून असतात.

दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएच्या वर्गात सरासरी अनुभव साधारण पाच वर्षांचा असतो. त्याहून अधिक अनुभव असणाऱ्यांना तेथे मज्जाव नसला, तरी उन्हाळी इंटर्नशिप आणि त्यानंतरच्या नोकऱ्या प्रामुख्याने त्या टप्प्यावरील उमेदवारांसाठी आखलेल्या असतात. फ्रान्समधील इन्सियाड या संस्थेचा एमबीए दहा महिन्यांत पूर्ण होतो, तर स्वित्झर्लंडमधील लोझान येथील आयएमडी या संस्थेचा एका वर्षात. स्टॅनफर्डच्या एमएसएक्स या अनुभवी व्यावसायिकांसाठीच्या अभ्यासक्रमासाठी किमान 8 वर्षांचा अनुभव लागतो. मात्र तेथे मिळणारी पदवी एमबीएची नसून मास्टर ऑफ सायन्सची असते, हे अर्ज करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. नोकरी सांभाळून करायचा एक्झिक्युटिव्ह एमबीए आहे त्याच क्षेत्रात वर जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयुक्त ठरतो. क्षेत्रच बदलायचे असेल, तर पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा विचार करावा.

जीमॅटचे स्वरूप 2023च्या अखेरीस बदलले. आता ती सव्वादोन तासांची, तीन विभागांची परीक्षा असून गुण 205 ते 805 या श्रेणीत मिळतात व पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. जुन्या परीक्षेतील 700 गुणांच्या तोडीचे गुण नव्या परीक्षेत सुमारे 645 आहेत, त्यामुळे जुने आकडे मनात धरून निराश होऊ नये. तिन्ही विभागांना समान महत्त्व असल्याने केवळ गणिताच्या बळावर विसंबून राहता येत नाही, आणि अभियंत्यांची चूक नेमकी येथेच होते. काही एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम दीड तासाची एक्झिक्युटिव्ह असेसमेंट ही परीक्षाही स्वीकारतात.

अर्जाचा खरा कस लागतो तो निबंधांत. तंत्रज्ञांच्या पहिल्या मसुद्यात प्रणालींची नावे भरपूर असतात, पण निर्णय घेणारा माणूस क्वचितच दिसतो. ‘जुनी प्रणाली क्लाउडवर हलवली’ या वाक्यातून निवड समितीच्या हाती काहीही लागत नाही. ते काम आताच करावे असे आपल्याला का वाटले, कोणी विरोध केला, त्यांचा कोणता आक्षेप आपल्याला पटला, कोणती सुविधा पुढे ढकलावी लागली आणि परिणामी ग्राहकांसाठी किंवा खर्चात काय बदलले, हे लिहिले म्हणजे त्या वाक्यात जीव येतो. संघाने केलेल्या कामात ‘आम्ही’ म्हणणे सभ्यपणाचे असले, तरी निर्णय आपला होता तेथे संकोच न करता ‘मी’ लिहावे. अनुभवी उमेदवाराला ‘आताच का?’ या प्रश्नाचे उत्तर विशेष काळजीपूर्वक द्यावे लागते. ‘बढती थांबली’ हे कारण पुरेसे नाही, पुढील भूमिकेसाठी नेमके काय शिकायचे राहिले आहे ते सांगावे लागते.

शिफारसपत्रासाठी पदाने मोठी व्यक्ती न शोधता आपले काम जवळून पाहिलेली व्यक्ती निवडावी. अनेक संस्था शिफारसकर्त्याला ‘उमेदवाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती?’ असे विचारतात, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दुरून ओळखणाऱ्याला देता येत नाही. सध्याच्या वरिष्ठांना सांगणे अडचणीचे असेल, तर पूर्वीचे वरिष्ठ किंवा ग्राहक चालतात का, हे संस्थेलाच विचारावे. पत्राचा मजकूर स्वतः लिहून देऊ नये.

दोन वर्षांच्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास आणि दुसरी जानेवारीत बंद होते, म्हणून दहा महिने आधी तयारी सुरू करावी. मुलाखत कित्येकदा माजी विद्यार्थी घेतात आणि ते तंत्रज्ञ असतीलच असे नाही. तेव्हा आपले उत्पादन कोणाची कोणती अडचण सोडवते हे एकही तांत्रिक संज्ञा न वापरता दोन मिनिटांत सांगण्याचा सराव, क्षेत्राबाहेरच्या एखाद्या परिचितासमोर, त्याला ते खरोखर समजेपर्यंत करावा.