मेंदूतील जोडण्यांवरून मानसिक आरोग्यातले फरक कसे शोधावेत

रेस्टिंग-स्टेट एफएमआरआयवरून (काही काम न देता, स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूची क्रिया टिपणारा स्कॅन) नैराश्याची तीव्रता ओळखू पाहणारी बरीच मॉडेल्स प्रत्यक्षात डोक्याची हालचाल ओळखत असतात. त्यामुळे निम्मी मेहनत तिथेच घालावी लागते.

पाच मिनिटांच्या स्कॅनमधल्या जोडण्या, म्हणजे मेंदूच्या दोन भागांची क्रिया किती एकत्र वरखाली होते त्याचे आकडे, त्याच व्यक्तीच्या पुढच्या स्कॅनशी नीट जुळत नाहीत. हालचालीने खराब झालेल्या फ्रेम्स (स्कॅनमधल्या एकेक प्रतिमा) वगळूनही १०-१५ मिनिटे उरतील इतका डेटा घ्या. लक्षणांसाठी ‘आजार आहे किंवा नाही’ अशी विभागणी न करता सलग गुण वापरा. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचे गुण ० ते २७ असतात, पण सर्वसाधारण लोकांत ते शून्याजवळ गोळा होतात. तिथे क्रमांकावर आधारित सहसंबंध बरा.

शेफर अॅटलास या मेंदूच्या नकाशातले ४०० भाग घेतले, की भागांच्या प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढून त्यावर फिशर झेड रूपांतर करा (त्याने सहसंबंधांचे वितरण सामान्य वितरणाच्या जवळ येते). एका व्यक्तीमागे ७९,८०० जोड्या मिळतात. या अॅटलासमध्ये फक्त कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर आहे. आतले अमिग्डाला आणि हिपोकॅम्पस हे भाग वेगळे जोडावे लागतात, आणि चिंतेच्या अभ्यासात ते हवेतच.

आता हालचाल. ती जवळच्या भागांमधला सहसंबंध फुगवते, दूरचा घटवते. बेचैन माणूस स्कॅनरमध्ये जास्त हलतो, म्हणून खोटे नाते सहज तयार होते. फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंटची (एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत डोके किती हलले त्याची) सरासरी ०.२ मिलिमीटरच्या वर असलेले स्कॅन वगळा. मग उरलेल्यांत ही सरासरी आणि लक्षणांचे गुण यांचा सहसंबंध तपासा. तो शिल्लक असेल, तर निकालावर विश्वास ठेवू नका.

दुसरा घात क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये होतो, म्हणजे डेटाच्या एका भागावर मॉडेल शिकवून न पाहिलेल्या भागावर तपासताना. सगळ्या नमुन्यावर जोड्या निवडून नंतर चाचणी घेतली, तर निव्वळ गोंगाटातूनही छान आकडा निघतो. जोड्यांची निवड, वय-लिंगाची दुरुस्ती, वेगवेगळ्या स्कॅनरमधले फरक घालवणारी कॉम्बॅट ही पद्धत, हे सारे प्रत्येक वेळी फक्त प्रशिक्षणाच्या भागावर ठरवा आणि चाचणीच्या भागाला जसेच्या तसे लावा. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या मोठ्या सार्वजनिक डेटासंचात जुळी भावंडे आहेत. एक कुटुंब एकाच गटात ठेवा. दहा गट पाडा, वाटणी बदलून १०० वेळा चालवा. लक्षणांचे गुण व्यक्तींमध्ये १,००० वेळा उलटसुलट वाटून संपूर्ण प्रक्रिया पुन्हा चालवली, की योगायोगाने किती मिळते ते दिसते. हे उलटसुलट करतानाही कुटुंबरचना सांभाळा.

जोडण्या आणि लक्षणे यांचे नाते दुबळे असते. २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार अशा अभ्यासांना हजारो व्यक्ती लागतात. शंभरजणांचा डेटा असेल, तर मॉडेल मोठ्या सार्वजनिक संचावर शिकवा आणि आपल्याकडे फक्त पडताळा.

रेषीय मॉडेलचे वजन म्हणजे त्या जोडीचे महत्त्व नव्हे. आधी हाउफे रूपांतर करा (ते वजनांवरून प्रत्येक जोडीचा मॉडेलच्या अंदाजाशी असलेला संबंध काढते), मगच मेंदूतले कोणते नेटवर्क (एकत्र काम करणाऱ्या भागांचा गट) पुढे येते ते पाहा.