फोर्डच्या सिंक ३ मध्ये बदल करताना: ॲज-बिल्ट, अपडेट आणि पेनड्राइव्ह

भारतात गाड्या बनवणं थांबवणार असल्याचं फोर्डने २०२१ मध्ये जाहीर केलं, तरी सिंक ३ (फोर्डची गाणी, फोन वगैरेंची टचस्क्रीन यंत्रणा) असलेल्या एकोस्पोर्ट आणि एन्डेव्हर अजून बऱ्याच जणांच्या दारात उभ्या आहेत. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर ३.४ या आवृत्तीवर नेता येतं आणि काही बंद सोयी चालूही करता येतात. ही दोन कामं मात्र वेगळी आहेत.

स्क्रीनमागच्या मॉड्यूलला एपीआयएम म्हणतात. त्यात क्यूएनएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं सॉफ्टवेअर असतं आणि शिवाय गाडीत काय काय बसवलंय हे सांगणारे आकडे असतात, त्यांना ॲज-बिल्ट म्हणतात. अपडेटने सॉफ्टवेअर बदलतं, ॲज-बिल्ट तसंच राहतं. म्हणून केलेले बदल सहसा टिकतात. नव्या आवृत्तीत एखादी सोय चालेनाशी झाली, तर आधी तिचाच आकडा तपासा.

१. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट सिंक उघडून आवृत्तीचा फोटो काढा. वाय-फायवरून होणारे ऑटोमॅटिक अपडेट बंद करा.

२. ॲज-बिल्ट बदलायला विंडोजचा लॅपटॉप, फोरस्कॅन (फोर्डच्या गाड्यांचे मॉड्यूल वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम) आणि गाडीच्या निदान-पोर्टला लावायचा ओबीडी ॲडाप्टर घ्या; त्यात एचएस आणि एमएस कॅन ही गाडीतली दोन नेटवर्क आलटून-पालटून निवडता यायला हवीत. स्वस्तातले ब्लूटूथ ॲडाप्टर वाचायला ठीक, लिहिताना मध्येच तुटतात. आकडे लिहायला फोरस्कॅनचं एक्स्टेंडेड लायसन्स लागतं.

३. एपीआयएमचं पूर्ण ॲज-बिल्ट सेव्ह करा आणि त्याची एक प्रत गाडीबाहेर ठेवा. ही पायरी झाल्याशिवाय एकही आकडा बदलू नका.

४. इग्निशन चालू, इंजिन बंद, हेडलाइट आणि पंखा बंद. बॅटरी जुनी असेल तर चार्जर लावा, कारण लिहिताना व्होल्टेज पडलं की मॉड्यूल अर्धवट लिहिलं जातं. एका वेळी एकच बदल करा आणि तपासून पुढे जा. एपीआयएमच्या ओळी ७डी०-०१-०१ अशा सुरू होतात आणि प्रत्येक ओळीतली शेवटची जोडी चेकसम, म्हणजे ओळ बरोबर आहे का हे पडताळणारी बेरीज असते: आधीच्या एखाद्या जोडीत ०२ चा ०३ केला, की तीही एकाने वाढते. दुसऱ्याच्या गाडीतली अख्खी ओळ उचलून आणली तर चेकसम जुळेल, पण कॅमेरा किंवा स्टिअरिंगवरची बटणं बंद पडू शकतात, कारण ती माहितीही त्याच ओळींत असते.

५. अपडेटसाठी ३२ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह घ्या, फॉरमॅट एक्सफॅट. सायनलॅब्सचं सिन३ अपडेटर हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर त्यावर फाइली उतरवून देतं. त्यात सध्याची आवृत्ती खरी तीच भरा. २.x वरून ३.४ वर जाताना एपीआयएममधली साठवण नव्याने फॉरमॅट करावी लागते. आवृत्ती चुकीची सांगितली तर ही पायरीच गळते आणि अपडेट अडकतं.

६. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बंद गॅरेजात नको. इंजिन चालू करून पेनड्राइव्ह लावा. स्क्रीन मध्येच काळी होईल, पुन्हा पुन्हा सुरू होईल, तसं होणारच. काम पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत पेनड्राइव्ह काढू नका, इंजिनही बंद करू नका. पीकेजी_ईआरआर असा संदेश आला तर बहुतेकदा फाइल खराब उतरलेली असते किंवा त्या मॉड्यूलसाठीची नसते. पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करून फाइली नव्याने उतरवा.

नंतर स्क्रीन अडखळली तर पॉवर आणि पुढच्या गाण्याचं बटण एकत्र दाबून धरा, सिंक नव्याने सुरू होईल. सर्व्हिस सेंटरमध्ये एपीआयएम पुन्हा प्रोग्रॅम केला तर कारखान्याचं ॲज-बिल्ट चढतं आणि सगळे बदल जातात. तेव्हा तिसऱ्या पायरीवरची फाइल समोर ठेवून, केलेले बदल एकेक करून पुन्हा लिहा.