सोलापुरात गल्लीतलं काम महापालिकेकडून करून कसं घ्यायचं

ड्रेनेज तुंबलंय, लाइट बंद आहे, नळाला वास मारणारं पाणी येतंय, आणि आपण काय करतो तर गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकतो, नगरसेवकाला फोन लावतो आणि वाट बघत बसतो. फोन जरूर करा, पण तोंडी सांगितल्याची नोंद कुठंच राहत नाही, उद्या कुणी म्हणालं आमच्याकडं तक्रारच आली नाही, तर दाखवणार काय? म्हणून कागद द्या.

आधी काम कुणाचं ते बघा. स्ट्रीटलाइट, कचरा, ड्रेनेज, पाणी महापालिकेचं. विजेची तार लोंबतीय तर महावितरण, त्यांचा नंबर १९१२. महापालिकेचं असेल तर लगेच इंद्रभुवनला, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत, पळू नका, पहिल्यांदा आपल्या भागाच्या झोन ऑफिसला जा, माणसं तिथूनच पाठवतात. अर्ज एक पानाचा, विषय एकच, जागा नीट लिहा, जवळची खूण, खांबावर नंबर असेल तर तोही. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख, आवक नंबर (अर्ज आल्याचा नोंदणी नंबर) घेतल्याशिवाय हलू नका, हीच तुमची पोच. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी तिथंच थांबा.

पाण्याचं जरा वेगळं आहे. आपल्याकडं उजनीचं पाणी रोज येत नाही, तुमची पाळी संपल्यावर माणूस आला तर नळ कोरडा, तो बघणार काय! म्हणून पाणी आलं की पहिल्या दहा मिनिटांत पारदर्शक बाटलीत भरून फोटो काढा, वेळ लिहा, परत थोड्या वेळानं दुसरी बाटली भरा. कुठल्या घरापासून घाण येतेय आणि कुठल्या घरापर्यंत स्वच्छ आहे हे विचारून कागदावर मांडा, लाइन कुठं फुटलीय ते शोधायला याचाच उपयोग होतो, नाहीतर सगळा रस्ता उकरत बसतात. आणि पूर्वभागात विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर घरी असतात, पाणी त्याच भरतात, त्यांना सगळं माहीत असतं. मराठी नीट येत नसेल तर तेलुगूत विचारा, पण अर्जावर त्यांच्या सह्या घ्याच, लई वजन पडतं.

तरी हलेना झालं तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, सोबत पोच जोडा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यात अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

मग माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "काम का केलं नाही" असं विचारू नका, उत्तर गोल येतं. कागद मागा: अमुक आवक नंबरच्या अर्जावर कुठल्या तारखेला काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कुणाकडं आहे, काम झालं असं दाखवलं असेल तर वर्क ऑर्डर आणि मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) प्रत. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

काम झालं की खड्डा बुजवला का, डांबर टाकलं का तेही बघा, नसेल तर त्याच आवक नंबरचा उल्लेख करून दुसरा अर्ज द्या.