जकातीचा हिशोब: दुकानदारासाठी

चिपळूणला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. रमजान लागला की मी दुसरी वही काढतो, जकातीची, म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानाने दरवर्षी गरजूंसाठी काढायच्या सक्तीच्या दानाची.

आधी निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, बघा: आपल्याकडे ६१२.३६ ग्रॅम चांदीची किंमत धरतात. तेवढी मालमत्ता चांद्रवर्षभर राहिली, तर अडीच टक्के. लाखामागे २,५०० रुपये. रोकड, बँकेतली शिल्लक आणि विक्रीचा माल मोजायचा. राहतं घर, रॅक, वजनकाटा सोडायचा.

मालाची किंमत आजच्या बाजारभावाने लावा. माझा हात इथेच आखडतो. पडून राहिलेले रंगाचे डबे शून्य धरावेसे वाटतात. पण गिऱ्हाईक आलं तर मी ते फुकट देणार आहे का? बायको एवढंच विचारते आणि मी आकडा लिहितो.

बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांवर वाद आहे. हनफी आणि शाफई हे इस्लामी कायद्याचे दोन पंथ. हनफी मोजतात, आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, नेहमीच्या वापरातले मोजत नाही. मात्र गुंतवणूक म्हणून लॉकरात ठेवलेली बिस्किटं मोजायचीच.

आईवडील, मुलं यांना जकात देता येत नाही. गरजू भावाला चालते. मशिदीच्या रंगकामाला ती वापरू नका, त्यासाठी वेगळे पैसे काढा. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असं सांगणं जरुरीचं नाही. मी पाकीट देतो, चहा पितो, निघतो.