वावरातल्या लाकडी खोलीचं उन्हाळ्याआधी एवढं करून घ्या

गहू-हरभरा निघाला की वावर जरा मोकळं होते, खोलीचं काम तेव्हाच काढा. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूरकडं पारा 44-45 वर जाते अन मग टिनाखाली दुपारी दोन मिनिटं उभं राहवत नाही.

लोक आधी भिंतींच्या मागं लागतात, पण गरमी वरून येते भाऊ. पैसे थोडेच असतील तर सगळे छपरावरच घाला. टिनावर चुना मारा, त्यात थोडं फेविकॉल टाका नाही तं पहिल्याच पावसात धुऊन जाते, आणि आतून टिनाखाली चारेक इंच जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं सीलिंग बांधा. ती मधली जागा बुजवू नका, दोन्ही टोकांना झरोके ठेवा म्हणजे तापलेली हवा निघून जाते, अन झरोक्याला पाव इंची लोखंडी जाळी ठोका, उंदीर वर संसारच थाटतात. थर्माकोल स्वस्त पडते म्हणून बरेच जण तेच लावतात, मले नाही पटत. उंदीर कुरतडतात, ठिणगी पडली की भडकते, अन पेट्रोल सांडलं तर चक्क विरघळते. लावायचंच असेल तर दोन फळ्यांच्या मधात पूर्ण बंद करून लावा.

पश्चिमेच्या भिंतीबाहेर हातभर अंतरावर तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, ताटी उभी करा, ऊन तिथंच अडते. चूल, बिडी जवळ नको, अन पावसाआधी काढून टाका, उधई (वाळवी) त्यातूनच चढते.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, सरळ मातीत गाडलेला खांब वाकडा होणारच. बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, भुसभुशीत घुसला तर खांब खालून गेलेला आहे बाप्पा, तेवढा भाग कापा अन खाली मुरूम दाबून सिमेंटचा ठोकळा द्या.

आत सोयाबीनचं बियाणं ठेवणार असाल तर पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, अन थप्पी चार-पाच पोत्यांपेक्षा उंच नको, त्याचं साल लई नाजूक असते. फवारणीची औषधं त्या खोलीत नकोच, झोपायच्या जागी तर अजिबात नाही, 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते विसरलो नाही ना आपण. औषधांसाठी बाहेरून कुलपाची वेगळी पेटी करा.

मोटरीचा स्टार्टर लाकडावर सरळ ठोकू नका, मागं सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा द्या, वायर पाइपातून न्या. मे अखेरीस सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहा, सत्तरच्या खाली आली तर बियाण्याची दुसरी सोय करायला तेवढा वेळ तरी हातात राहते.